जुन्या इमारतींची मापे आणि दुरुस्तीचे संकल्पन

नवी इमारत उभारताना नकाशा आधी तयार होतो आणि बांधकाम त्याच्याशी जुळवून घेतले जाते. त्यात नकाशापासून किती फरक पडलेला चालेल, हेही मानकांनी ठरवून दिलेले असते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार खांबाच्या किंवा तुळईच्या छेदाचे माप नकाशातील मापापेक्षा १२ मिलिमीटरने जास्त किंवा ६ मिलिमीटरने कमी भरले, तरी ते ग्राह्य धरले जाते. अस्तित्वात असलेल्या इमारतीत हा क्रम उलटतो. बांधकाम आधीच उभे असते, त्याचा नकाशा बहुधा हरवलेला असतो किंवा प्रत्यक्षाशी जुळत नसतो, आणि दुरुस्तीचे संकल्पन, म्हणजे कोणता भाग किती आणि कसा बळकट करायचा याचा हिशेब व आराखडा, जागेवर घेतलेल्या मापांवरच उभे करावे लागते. ही मापे लांबी-रुंदीची असतात तशीच काँक्रीटच्या ताकदीची, सळईच्या जाडीची, लाकडाच्या कुजण्याची आणि फरशीखाली साचलेल्या वजनाचीही असतात, आणि त्यांपैकी एकही निखळ खरे नसते.

मुंबईत हा प्रश्न नित्याचा आहे. सन १९६९ पर्यंत बांधलेल्या आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कक्षेत येणाऱ्या उपकरप्राप्त इमारतींमध्ये सागवानी सांगाडा आणि विटांची भर असलेल्या चाळी आहेत, लोखंडी गर्डरांवर तोललेली छते आहेत आणि प्रबलित काँक्रीटचे प्रारंभीचे बांधकामही आहे. पुढच्या काळातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतीही आता वयस्क झाल्या असून, आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी, म्हणजेच बोलीभाषेतले ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, करून घेणे अपेक्षित आहे. या तपासण्यांतून आकड्यांची मोठी रास जमा होते. मात्र प्रत्येक आकडा कितपत भरवशाचा आहे हे अहवालात क्वचितच लिहिलेले असते.

मापातील अनिश्चितता एकाच जातीची नसते आणि तिचे प्रकार वेगळे ओळखले नाहीत, तर उपायही चुकीचा निवडला जातो. एकच अंतर पुनःपुन्हा मोजताना दर वेळी थोडे कमी-जास्त येते, ती यादृच्छिक त्रुटी. ती मोजण्यांची संख्या वाढवून आटोक्यात आणता येते, कारण कमी-जास्त एकमेकांना काही अंशी छेदून टाकतात. साधनात किंवा पद्धतीत एकाच दिशेने झुकणारा दोष असेल, तर ती पद्धतशीर त्रुटी. ती कितीही वेळा मोजले तरी जात नाही. ओळीने असलेल्या १० खोल्यांपैकी प्रत्येकीच्या मापात ५ मिलिमीटरची यादृच्छिक त्रुटी असेल, तर एकूण लांबीतील त्रुटी वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने वाढून सुमारे १६ मिलिमीटर होते. पण टेपच ताणलेला असल्याने प्रत्येक खोली ५ मिलिमीटरने चुकत असेल, तर एकूण चूक पूर्ण ५० मिलिमीटर होते. पोलादी टेप सामान्यतः २० अंश सेल्सिअस तापमानाला प्रमाणित केलेला असतो, आणि भर उन्हात तापून तो ४० अंशांवर गेला तर ३० मीटरमागे सुमारे ७ मिलिमीटरची चूक एकट्या तापमानाने येते. म्हणून खोल्याखोल्यांची मापे जोडत न जाता एका टोकापासून सलग मापे घेणे, कर्ण मोजून खोली गुण्यात आहे की नाही ते ताडणे आणि बाहेरून घेतलेल्या एकूण लांबीशी आतली बेरीज पडताळणे, या जुन्या सर्वेक्षकांच्या सवयी लेझरच्या जमान्यातही कालबाह्य झालेल्या नाहीत.

तिसरा प्रकार अधिक चकवा देणारा आहे, कारण त्यात साधनाचा दोष नसतोच. फुगलेल्या, कललेल्या आणि दर मजल्यावर वेगळ्या जाडीच्या गिलाव्याने झाकलेल्या भिंतीची ‘जाडी’ म्हणजे नेमके काय, हेच ठरलेले नसेल, तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा दाखवणारे यंत्रही उपयोगाचे नाही. मोजमापशास्त्रात याला व्याख्येतून येणारी अनिश्चितता म्हणतात. चौथा प्रकार म्हणजे निखळ अज्ञान: भिंतीत गाडलेले तुळईचे टोक कुजले आहे की शाबूत आहे, पाया किती खोल आहे, मधल्या काळात कोणी एखादी भिंत काढून टाकली होती काय. अशा प्रश्नांची उत्तरे सरासरीने मिळत नाहीत. ती भाग उघडून पाहिल्यावरच मिळतात.

भूमितीच्या मापांत सर्वाधिक घोळ खोट्या नेमकेपणाने होतो. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने रुळली, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरच्याही काही वर्षांचे नकाशे फूट-इंचांत आढळतात. जवळच्या इंचापर्यंत नोंदलेले १४ फुटांचे अंतर नव्या संगणकीय नकाशात ४२६७ मिलिमीटर असे उतरते आणि मुळातली अर्ध्या इंचाची, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरची, ढिलाई त्या चार आकड्यांमागे दडून जाते. पुढचा अभियंता ते माप कारखान्यात लोखंड कापण्यासाठी पाठवतो. लेझर स्कॅनरने लाखो बिंदू टिपून बनवलेल्या त्रिमित प्रतिमेचेही असेच होते. बिंदूंचा ढग वाकडी भिंत वाकडीच दाखवतो, परंतु त्यावरून प्रारूप काढणारा आरेखक सोयीसाठी ती सरळ आणि काटकोनात बसवतो, आणि महागड्या सर्वेक्षणाने मिळवलेली सर्वांत मोलाची माहिती तेथेच पुसली जाते. प्रत्येक मापापुढे ते जागेवर घेतले आहे, जुन्या नकाशावरून उचलले आहे की गृहीत धरले आहे, अशी तिहेरी खूण ठेवण्याची शिस्त यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि अधिक उपयोगी आहे.

मापाची अनिश्चितता किती, हा प्रश्न एकट्याने अपुरा असतो, कारण निर्णय कोणता घ्यायचा आहे त्यावर मापातील कोणता आकडा हवा हे ठरते. चार मजली जिन्याच्या पोकळीत लिफ्ट बसवायची असेल, तर चार मजल्यांवरील रुंदीची सरासरी निरुपयोगी आहे. प्रत्येक मजल्यावर रुंदी १५२० मिलिमीटर भरली तरी एक मजला डावीकडे आणि दुसरा उजवीकडे सरकलेला असल्यास वरून खाली ओळंब्यात मिळणारी मोकळी जागा १४६० मिलिमीटरच उरू शकते, आणि लिफ्टला लागते ती हीच. छतावरील स्थायी भार काढताना मात्र जाडीची सरासरीच योग्य, कारण एके ठिकाणचा उंचवटा दुसऱ्या ठिकाणच्या खळग्याने भरून निघतो. काँक्रीटच्या ताकदीबाबत यांपैकी काहीच पुरत नाही. तेथे मोजलेल्या मूल्यांपैकी तळाकडचे, ज्याच्याखाली थोडेच नमुने जातील असे, मूल्य लागते. सरासरी, किमान आणि तळाकडचे मूल्य या तिन्हींची गल्लत हे संकल्पनातील बऱ्याच चुकांचे मूळ असते.

कोणते माप अधिक काटेकोर हवे हे कळण्यासाठी त्या मापातील बदलाने उत्तर किती हलते, हे पाहावे लागते. समजा, २३० गुणिले ४५० मिलिमीटरच्या आखूड खांबात १६ मिलिमीटरच्या चार साध्या सळया आहेत आणि काँक्रीटची ताकद दर चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन आहे. भारतीय मानक ४५६ च्या सूत्राने त्याची उभा भार पेलण्याची क्षमता सुमारे ७५० किलोन्यूटन येते. दोन्ही बाजू मोजण्यात ५ मिलिमीटरची चूक झाली, तर क्षमता तीन टक्क्यांहूनही कमी बदलते. पण मोजलेल्या २३० आणि ४५० मध्ये दोन्ही बाजूंचा २० मिलिमीटरचा गिलावा धरला गेला असेल, तर खरा छेद १९० गुणिले ४१० एवढाच आणि क्षमता ६०० किलोन्यूटनच्या आत. काँक्रीटची ताकद १५ ऐवजी १० धरली तर क्षमता सुमारे ५४५ पर्यंत उतरते आणि २० धरली तर ९५५ पर्यंत चढते. म्हणजे येथे टेपने पुनःपुन्हा मोजण्यात घालवलेला दिवस वाया जातो, गिलावा चार ठिकाणी फोडण्याचा अर्धा तास मोलाचा ठरतो आणि खर्च करायचाच असेल तर तो काँक्रीटच्या ताकदीवर करावा, असे गणितच सांगते.

छताच्या बाबतीत हाच हिशेब वेगळे उत्तर देतो. साडेचार इंची, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर जाडीच्या छतात काँक्रीटच्या ताकदीला फारसे महत्त्व नसते. ताण घेणाऱ्या सळईची जागा आणि तिचा शिल्लक छेद यांवर सारे अवलंबून असते. १० मिलिमीटरची सळई १५ मिलिमीटरच्या आवरणाऐवजी ३० मिलिमीटरवर बसली असेल, आणि ओतकामाच्या वेळी जाळीवर पाय पडून छताच्या वरच्या सळया अशाच खाली दबलेल्या असतात, तर छताची उपयोगी खोली ९५ वरून ८० मिलिमीटरवर येते आणि वाकवणारे बल पेलण्याची क्षमता जवळपास १६ टक्क्यांनी घटते. गंजून १६ मिलिमीटरची सळई १४ ची झाली तर तिचा छेद २३ टक्क्यांनी कमी होतो. खांबात या घटीचा परिणाम चारेक टक्के असतो, छतात आणि तुळईत ती जवळजवळ पूर्ण उतरते.

भाराच्या बाजूचे अज्ञान याहून जास्त दुर्लक्षिले जाते. गच्ची गळू लागली की जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा घालण्याची, आणि घरात जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवण्याची रीत मुंबईत सर्रास आहे. ५० मिलिमीटरचा वाढीव थर दर चौरस मीटरला सुमारे १ किलोन्यूटन भार टाकतो, तर राहत्या घरासाठी मानकाने धरलेला चल भार २ किलोन्यूटन आहे; म्हणजे रहिवाशांसाठी राखलेल्या क्षमतेचा निम्मा वाटा एका न मोजलेल्या थराने खाल्लेला असतो. काँक्रीटवर हजारो रुपयांच्या चाचण्या होतात आणि कोबा छिन्नीने फोडून त्याची जाडी पाहण्याचे राहून जाते, हा प्राधान्यक्रम समर्थनीय नाही. अशा थरांची जाडी एकदा मोजली, तर तो थर काढून टाकणे हीच कित्येकदा सर्वांत परिणामकारक दुरुस्ती ठरते.

काँक्रीटची ताकद प्रत्यक्ष न फोडता अजमावण्यासाठी दोन साधने रूढ आहेत. रिबाउंड हॅमर हे स्प्रिंगच्या जोराने काँक्रीटवर आपटून उसळी मोजते, तर अतिध्वनी चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते पाहतात. भारतीय मानक १३३११ च्या १९९२ च्या दुसऱ्या भागाने हॅमरवरून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांपर्यंतचा फरक संभवतो असे स्वच्छ म्हटले होते. शिवाय हवेतील कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण झाला असल्यास ताकद टोकाच्या परिस्थितीत ५० टक्क्यांनी जास्त भासू शकते, असाही इशारा दिला होता. ही पद्धतशीर त्रुटी आहे आणि ती धोक्याच्या बाजूची आहे; म्हणून ५० वर्षांच्या इमारतीत शंभर ठिकाणी हॅमर मारून काढलेली सरासरी एकाच चुकीची शंभरदा पुनरावृत्ती असू शकते. अतिध्वनी चाचणीत १९९२ च्या मानकाने दर सेकंदाला ४.५ किलोमीटरपुढचा वेग उत्कृष्ट आणि ३ किलोमीटरखालचा शंकास्पद धरला होता, पण लहरीच्या वाटेत सळई आली किंवा काँक्रीट ओले असले तर वेग वाढतो, आणि पावसाळ्यात केलेली चाचणी उन्हाळ्यातील चाचणीशी थेट ताडून पाहता येत नाही. सळई गंजते आहे का हे विद्युत्-विभवावरून अजमावण्याची पद्धतही संभाव्यताच सांगते: तांबे-तांबे सल्फेट अर्धघटाच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण वाचन आल्यास गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, एवढेच, किती गंजली हे त्यातून कळत नाही.

कोअर, म्हणजे इमारतीतून कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल, दाबून फोडला तर ताकद थेट मिळते, म्हणून त्याला अंतिम प्रमाण मानण्याकडे कल असतो. परंतु रहिवासी, खर्च आणि खांब दुबळा होण्याची भीती यांमुळे कोअर तीनच काढले जातात आणि तेथे संख्याशास्त्र निष्ठुरपणे आडवे येते. समजा, तीन कोअरची ताकद १४, १९ आणि २३ आली. सरासरी १८.७ आणि विखुरण्याचे मान, म्हणजे प्रमाण विचलन, ४.५. या तीन नमुन्यांवरून त्या इमारतीतील खरी सरासरी ९५ टक्के खात्रीने सांगायची झाल्यास ती साधारण ७ ते ३० यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढेच म्हणता येते. तेवढ्याच विखुरणीचे ९ कोअर मिळाले, तर हा पल्ला सरासरीच्या दोन्ही बाजूंना ३.५ इतका आक्रसतो. म्हणून थोडे कोअर आणि पुष्कळ हॅमर-वाचने यांची सांगड घालणे हाच व्यवहार्य मार्ग आहे: कोअर घेतलेल्या जागीच हॅमर मारून त्या इमारतीपुरता दोहोंमधला संबंध बसवायचा आणि त्यावरून उरलेल्या खांबांचा क्रम लावायचा. भारतीय मानक ४५६ मधील कसोटी, म्हणजे किमान तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, ही जुन्या इमारतींच्या अहवालांत ठोकळेबाजपणे वापरली जाते. मुळात ती नव्या, वादग्रस्त काँक्रीटचा स्वीकार करावा की नाही यासाठी आहे.

जुनी माहिती पूर्णपणे टाकून देण्याचीही गरज नसते. त्या काळी १:२:४ या प्रमाणाचे मिश्रण सर्रास वापरले जाई आणि त्याची ताकद साधारण १५ च्या आसपास धरली जाई, ही माहिती म्हणजे चाचणीपूर्वीचा अंदाज. चाचणीचे आकडे आल्यावर बेझच्या सूत्राने तो अंदाज सुधारता येतो, म्हणजे दोन्ही पुराव्यांना त्यांच्या त्यांच्या भरवशाइतके वजन देऊन नवे मूल्य काढता येते. अस्तित्वातील संरचनांच्या मूल्यमापनाविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक १३८२२ या पद्धतीला वाव देते. भारतातील दैनंदिन कामात ती अभावानेच दिसते, आणि तीन कोअरवर निर्णय घेणाऱ्या व्यवसायाला तिची सर्वाधिक गरज असताना ती दिसत नाही, हे खटकणारे आहे.

मानकांनी अनिश्चितता हाताळण्याचा सोपा मार्ग काढला तो गुणकांचा. काँक्रीटच्या ताकदीला १.५ ने आणि सळईच्या ताकदीला १.१५ ने भागणारे सुरक्षागुणक नव्या बांधकामातील नेहमीच्या चढउतारांसाठी आहेत. इमारतीबद्दलच्या अज्ञानाचा त्यांत हिशेब नाही. म्हणून युरोपीय भूकंपमानक ८ च्या तिसऱ्या भागाने ज्ञानाच्या तीन पातळ्या केल्या आणि मोजलेल्या सरासरी ताकदीला मर्यादित ज्ञान असल्यास १.३५ ने, साधारण असल्यास १.२० ने आणि पूर्ण असल्यास १ ने भागायला सांगितले. भारतीय मानक १५९८८ (सन २०१३) मध्येही उपलब्ध कागदपत्रे व चाचण्या यांच्या दर्जानुसार क्षमता घटवणारा ज्ञानगुणक आहे. या रचनेचा मोठा गुण असा की तपासणीवर केलेला खर्च आणि त्यातून वाचणारे लोखंड-काँक्रीट यांची तुलना मालकाला आकड्यांत दाखवता येते. दोष असा की एकच गुणक साऱ्या इमारतीला लागतो. वर पाहिल्याप्रमाणे खांबाचे अज्ञान वेगळे, छताचे वेगळे, आणि कुजलेल्या तुळईच्या टोकाला तर कोणताच गुणक पुरा पडत नाही. अज्ञानाला १.३५ ने भागून ते ज्ञान होत नाही.

यापुढचा उपाय मापे सुधारण्याचा नसून, मापे चुकली तरी बिघडणार नाही असे संकल्पन करण्याचा आहे. नवा लोखंडी खांब जुन्या काँक्रीटवर टेकवताना पायपट्टीखाली २५-३० मिलिमीटरची फट ठेवून ती न आकसणाऱ्या ग्राउटने भरली, तर उंचीतील चूक तेथेच जिरते. जोडपट्टीला गोल छिद्राऐवजी लांबट छिद्रे दिली तर आडव्या मापातील चूक सामावते. मात्र लांबट छिद्रात बोल्ट घसरतो, म्हणून जुळणी झाल्यावर त्यावर पट्टी वेल्ड करून ते बांधून टाकावे लागते. भोक पाडताना मध्ये सळई लागली तर रासायनिक अँकर कोठे हलवायचा, याची पर्यायी जागा नकाशातच दिलेली असावी. बाहेरून नव्या काँक्रीटचे जॅकेट घालून खांब बळकट करताना तर सर्वांत मोठा भ्रम असतो. जॅकेट कितीही जाड असले तरी खांबावर आधीपासून असलेला भार जुन्या काँक्रीटमध्येच राहतो. जॅकेट फक्त पुढे येणारा भार वाटून घेते. टेकू आणि जॅक लावून खांब आधी हलका केला, तरच जुन्या काँक्रीटच्या ताकदीबद्दलचे अज्ञान संकल्पनातून खऱ्या अर्थाने वगळता येते. कामाचा क्रम हा येथे मापाइतकाच महत्त्वाचा आहे.

काही अज्ञान काम चालू असतानाच कमी होते. भूतांत्रिक अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात निरीक्षणपद्धती मांडली ती जमिनीच्या कामांसाठी: बहुधा काय घडेल ते धरून संकल्पन करायचे, प्रतिकूल काय घडू शकेल ते आधी लिहून ठेवायचे, कोणते वाचन कोणत्या मर्यादेपलीकडे गेले तर काय करायचे तेही आधीच ठरवायचे आणि काम चालू असताना सतत मोजत राहायचे. पिसाचा मनोरा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००१ पर्यंत पायाखालून थोडी थोडी माती काढून अर्ध्या अंशाने सावरला गेला तो याच वृत्तीने, दररोजच्या वाचनांवर नजर ठेवून. मुंबईतील इमारतीत याचे साधे रूप म्हणजे भेगेवर लावलेली काचपट्टी किंवा मोजपट्टी. पण भेगेचे माप एका पावसाळ्यासह किमान वर्षभर घेतले नाही, तर तापमान आणि ओलाव्याने होणारी हालचाल व खचण्याने होणारी हालचाल वेगळ्या करता येत नाहीत. टेकू लावल्यानंतर घेतलेली वाकाची मापेही टेकू लावण्याआधीच्या मापांशी ताडता येत नाहीत, कारण टेकूने भाराची वाटच बदललेली असते.

शेवटचा पुरावा भारचाचणीचा. भारतीय मानक ४५६ नुसार पूर्ण स्थायी भार आणि चल भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवून छताचा वाक मोजतात. भार काढल्यावर २४ तासांत वाकाचा ७५ टक्के भाग परत आला पाहिजे, न आल्यास ७२ तासांनी चाचणी पुन्हा करतात आणि तेव्हा ८० टक्के भाग परत यावा लागतो. वाकच फार थोडा असेल तर परत येण्याची अट लागू होत नाही. ४ मीटर गाळ्याच्या आणि ११५ मिलिमीटर जाडीच्या छतासाठी ही मर्यादा सुमारे साडेपाच मिलिमीटर येते. हिशेबात सामावलेली गिलाव्याची, सळईच्या जागेची आणि ताकदीची सारी अनिश्चितता ही चाचणी एकाच झटक्यात ओलांडते, परंतु ती त्या एका छताबद्दल आणि त्या दिवसाबद्दल बोलते. शेजारच्या शौचालयाखालचे, पाणी मुरलेले छत तिने सिद्ध होत नाही आणि ताणाने तुटण्याआधी इशारा न देणाऱ्या गंजलेल्या सळईबाबत ती फसवा दिलासाही देऊ शकते.

या अनिश्चिततेचे व्यावहारिक परिणाम दोन ठिकाणी उमटतात. मुंबई महानगरपालिका तपासणीनंतर इमारतींची सी-१ (धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी) ते सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) अशी वर्गवारी करते आणि दोन अहवालांत विरोध आल्यास प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. तीन कोअरवर ७ ते ३० असा पल्ला निघत असेल, तर दोन प्रामाणिक अभियंते त्याच इमारतीला सी-१ आणि सी-२ ठरवू शकतात, आणि हितसंबंधांचा संशय घेण्याआधी दोघांनी किती नमुने कोठून घेतले हे समितीने विचारणे रास्त ठरते. दुसरे ठिकाण निविदेचे. ठोकून पाहिल्याशिवाय पोकळ गिलावा किती आणि उघडल्याशिवाय गंजलेली सळई किती हे कळत नाही, म्हणून दुरुस्तीचे परिमाणपत्रक एकरकमी न ठेवता बाबनिहाय दरांवर ठेवणे, अनिश्चित बाबींपुढे अपेक्षित आणि कमाल असे दोन्ही आकडे देणे आणि सुरुवातीच्या एका गाळ्यात भाग उघडून पाहण्याचे काम स्वतंत्र बाब म्हणून धरणे हे उपाय सांगता येतात. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला एकच ठाम रक्कम हवी असते, त्यामुळे हा दुपदरी अंदाज बहुधा पहिल्याच बैठकीत गळून पडतो आणि वाढीव खर्चाचा वाद परांच्या उभ्या राहिल्यावर, मोजमाप पुस्तिकेच्या पानांवर सुरू होतो.